एक्स्पो पंचावन्न

साडू हे नातं ज्याने शोधून काढलं त्याला एकदा गाठून दोन शब्द सुनवायचे, असं कवळीवाल्याच्या मनात गेली तीस वर्षं होतं. बायको माणूस बघूनसवरून करतो. सासू-सासरे तिच्याबरोबर येतात हेही त्याला ठाऊक असतं. पण तिच्या धाकट्या बहिणीने कोणाशी लग्न करावं हे त्याला कोणी विचारत नाही, आणि तो इसम मात्र जन्मभर समोरच्या खुर्चीवर बसून मीठ कमी पडलंय म्हणून सांगत राहतो. कवळीवाल्याच्या वाट्याला आलेला साडू लिफ्ट तपासायच्या खात्यात होता. दिवसा लोकांच्या लिफ्ट नापास करायच्या आणि संध्याकाळी माणसं, असा त्याचा नेम होता.

कवळीवाला हा दातांचा कारागीर. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, तो मेणात एकेक दात बसवायचा, हिरड्या कोरायचा आणि कोणाच्या तरी तोंडात वीस वर्षं टिकेल असं हसू डब्यात घालून पाठवायचा. त्याला कवळीवाला म्हणायला सुरुवात साडूने केली होती, क्लबच्या मैदानावर, सगळ्यांच्या देखत. नाव चिकटलं. ते त्याने साडूला कधी माफ केलं नाही.

कारण मैदान मुळात त्याचं होतं. म्हणजे क्लबचं होतं, पण रेडिओवर चालणारी विमानं उडवण्याचा नाद घरात आणला तो त्याने. साडू वर्षभर लांबून बघून नाकं मुरडत राहिला आणि मग एके रविवारी दुप्पट बटणांचा रेडिओ गळ्यात अडकवून हजर झाला. पुस्तिका पाठ करून आला होता. पाच वर्षांत तो क्लबचा परीक्षक झाला, सुरक्षेचे नियम लिहिणारा झाला, आणि नियम लिहिताना प्रत्येक कलम कवळीवाल्याकडे बघून लिहितो असा कवळीवाल्याला संशय होता. संशय खरा होता.

साडूच्या रेडिओचा आणखी एक जाच होता. आजकालचे रेडिओ बोलतात. उंची सांगतात, बॅटरी किती उरली ते सांगतात, कुठली कळ वर कुठली खाली तेही सांगतात. बाकीच्यांच्या रेडिओत कारखान्यातून आलेली एक सौम्य बाई बोलायची. साडूने ती काढून टाकली होती आणि दोनशे वाक्यं स्वतःच्या आवाजात भरली होती. त्यामुळे मैदानावर साडू एक होता पण दोनदा ऐकू यायचा.

तर झालं असं होतं. दीड महिन्यापूर्वी कवळीवाल्याचं पिवळं विमान, दोन मीटर पंखांचं, दोन वर्षं खपून घरी बांधलेलं, उतरायला येता येता एकदम उजवीकडे कललं, कुंपण ओलांडून गेलं आणि क्लबच्या सचिव बाईंच्या गाडीच्या बॉनेटवर जाऊन बसलं. विमानाचा पंखा मोडला, गाडीला खळगा पडला. माणसाला लागलं नाही, पण बाई त्या गाडीपासून चार पावलांवर उभ्या होत्या.

"सिग्नल गेला," कवळीवाला तिथल्या तिथे म्हणाला. "फेलसेफने मोटर बंद केली."

हे पटण्यासारखं होतं. रेडिओचा सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं हे त्याला आधी शिकवून ठेवता येतं: मोटर बंद कर, पंख सरळ ठेव, गुमान खाली ये. यालाच फेलसेफ म्हणतात. सचिव बाईंनी मान हलवली. साडूने हलवली नाही.

"कार्ड द्या," तो म्हणाला.

रेडिओत नखाएवढं कार्ड असतं. सिग्नल किती होता, अंगठ्याखालची काठी कुठे होती, सगळं त्यावर क्षणाक्षणाला लिहिलं जातं.

"कार्ड घातलं नव्हतं."

"का?"

"विसरलो. तुमच्या लिफ्टमध्ये कोणी काही विसरत नाही वाटतं?"

कार्ड त्याच्या खिशात होतं. घरी जाऊन त्याने ते पुढच्या दातांच्या खोक्यात, बरोबर सुळ्यांच्या खाली ठेवून दिलं. सिग्नल गेला नव्हता. सिग्नल शंभर टक्के होता. गेला होता त्याचा हात.

उजवा. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी अंगठ्यातच होतं, बारीक, लांबून टेम्पो जाताना खिडकीची काच वाजते तसं. मग मनगटात. कामावर त्याने उपाय काढला होता: प्लास्टरचा एक ठोकळा ओतून घेतला होता, त्यावर मनगट टेकवून तो हिरड्या कोरायचा. चहाचा कप तो डाव्या हाताने घ्यायला लागला. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर त्याला नाव सांगेल आणि नाव एकदा कळलं की ते कवळीवाला या नावासारखंच चिकटेल, हे त्याला माहीत होतं.

आणि मैदानावर त्याला एक्स्पोने वाचवलं होतं. एक्स्पो म्हणजे रेडिओतला एक आकडा. तो वाढवला की काठी मधोमध असताना जराशी हलली तरी विमान ते मनावर घेत नाही, आणि काठी टोकाला नेली की मात्र पूर्ण ऐकतं. नवशिक्यांसाठी असतो. कवळीवाल्याने पहिल्यांदा वीस घातला आणि विमान पुन्हा लोण्यातून चालल्यासारखं चाललं. सहा महिन्यांनी तीस. मग चाळीस. मग पंचावन्न. मैदानावरच्या कोणालाही काही कळलं नाही, उलट त्याची उडवायची पद्धत वयाबरोबर शांत झाली असं लोक म्हणायचे. त्या दिवशी गाडीजवळ हात इतका हलला की पंचावन्नही पुरला नाही.

नियम असा होता की ज्याचं विमान कुंपणाबाहेर पडेल त्याने ट्रेनरवर एक परीक्षा द्यायची. दोन रेडिओ. विमान बोलणार फक्त परीक्षकाच्या रेडिओशी. उमेदवाराच्या रेडिओवरून नुसत्या काठ्यांच्या हालचाली हवेतून परीक्षकाच्या रेडिओला जाणार, आणि परीक्षकाने एक कळ दाबून धरली असेल तोवरच त्या पुढे विमानाला मिळणार. कळ सोडली की विमान परीक्षकाचं. त्या वेळी परीक्षकाने मोठ्याने म्हणायचं, "माझ्याकडे." उमेदवाराने म्हणायचं, "तुमच्याकडे," आणि अंगठे काठ्यांवरून उचलायचे. विमान हवेत असताना ते नक्की कोणाचं आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका राहू नये म्हणून ही पद्धत होती. परीक्षा नापास झालं तर एकट्याने उडवायचा परवाना जायचा.

कवळीवाल्याने ते कलम सहा वेळा वाचलं आणि सहाव्या वाचनाला त्याच्या लक्षात आलं. विमान परीक्षकाच्या रेडिओचं. म्हणजे आकडे परीक्षकाच्या रेडिओतले. त्याचा पंचावन्न त्याच्याच रेडिओत बसून राहणार आणि विमानापर्यंत पोहोचणार फक्त उघडावाघडा हात.

"दुसरा परीक्षक नाही का?" त्याने सचिव बाईंना फोनवर विचारलं.

"नाही. आणि असता तरी तुमच्यासाठी वेगळा नियम कशाला?" बाई चष्म्याचं दुकान चालवायच्या आणि समोरच्याचा नंबर काढल्यासारखं बोलायच्या.

विमान साडूच्या रेडिओशी जोडून घ्यायचं म्हणून ते आठवडाभर त्याच्या घरी नेऊन ठेवावं लागलं. आपलं विमान साडूच्या हातात देताना कवळीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. साडूने ते दारातच उलटंपालटं करून पाहिलं.

"शेपटीचा एक स्क्रू सैल आहे, भाऊसाहेब."

"तुमच्यासाठीच ठेवला होता. काहीतरी सापडलं नाही तर तुम्हाला जेवण जात नाही."

शनिवारी दुपारी दोन्ही कुटुंबं साडूकडे जेवायला होती. बहिणी-बहिणींचं ते ठरलेलं होतं, नवऱ्यांना त्यात मत नव्हतं. जेवण झालं, साडू नेहमीप्रमाणे बरोबर वीस मिनिटांच्या झोपेसाठी आत गेला, बहिणी स्वयंपाकघरात भांडी आवरत एकमेकींच्या नवऱ्यांचा हिशेब करत बसल्या, आणि कवळीवाला उठून साडूच्या कामाच्या खोलीत शिरला.

त्याचा बेत साधा होता. साडूच्या रेडिओत त्याच्या विमानासाठी नवीन पान उघडलेलं असणार. त्या पानावर जाऊन एक्स्पोच्या जागी पंचावन्न घालायचा, रेडिओ बंद करायचा आणि बाहेर येऊन वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचं. चोरी होती हे त्याला कळत होतं. साडूकडे केलेली चोरी ही पूर्ण चोरी नव्हे असं त्याने मनाला समजावलं होतं.

खोली बघून त्याचं पित्त खवळलं. भिंतीवर प्रत्येक हत्यार टांगलेलं, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची रेघ आखलेली, म्हणजे पक्कड जागेवर नसली तरी भिंत तिची चुगली करणार. मधल्या टेबलावर त्याचं पिवळं विमान पाठीवर निजवलेलं. शेजारी रेडिओ, आणि रेडिओखाली तपासणीची यादी, तिच्यावर चोवीस खुणा. शुक्रवारची तारीख. साडूने एकदा खूण केली की ती गोष्ट त्याच्यापुरती संपायची. स्वतःच्या खुणेवर त्याचा जेवढा भरवसा होता तेवढा दुसऱ्या कशावरच नव्हता.

रेडिओ चालू करताच तो बोलणार हे कवळीवाल्याला अगदी शेवटच्या क्षणी आठवलं. त्याने तो दोन्ही हातांनी पोटाशी आवळला. "नमस्कार," साडू त्याच्या पोटातून म्हणाला. "मॉडेल, पिवळं. सर्व कळा तपासा." कवळीवाला घामाघूम होऊन उभा राहिला. पलीकडच्या खोलीत खरा साडू घोरत होता.

आवाज बंद करून त्याने पान उघडलं. उजवी काठी. आडवी हालचाल. एक्स्पो.

पंचावन्न.

त्याने पुन्हा बघितलं. उभी हालचाल: पंचावन्न. त्याला वाटलं आपण चुकून आपलाच रेडिओ हातात घेतला. पण नाही, दुप्पट बटणं होती. मग त्याने यादी उचलली, आणि यादीखाली एक कागद होता, किराण्याच्या यादीचा फाडलेला तुकडा. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: उजवी काठी, आडवं ५५, उभं ५५. खाली: कांदे नकोत, घरात आहेत. पाचाचं पोट सुटलेलं. असा पोट सुटलेला पाच सगळ्या जगात एकच बाई काढायची, त्याची बायको, आणि ती या क्षणी स्वयंपाकघरात ताटं पुसत होती.

कवळीवाला स्टुलावर बसला. रेडिओला ती आजवर डबा म्हणत आली होती. त्या डब्यापायी गेलेल्या रविवारांबद्दल ती पंचवीस वर्षं बोलत होती. आणि त्याच बाईने तो कधीतरी उघडून, पान पान चाळून, तिला ज्याचा अर्थही ठाऊक नव्हता तो आकडा शोधून उतरवून घेतला होता. म्हणजे तिला माहीत होतं. कप डाव्या हातात का गेला ते माहीत होतं. तिला माहीत म्हणजे बहिणीला माहीत. बहिणीला माहीत म्हणजे या घोरणाऱ्याला. तिघं मिळून त्याची कीव करत होते, आणि दर शनिवारी त्याच्यासमोर जेवत होते.

साडूने त्याला खिंडीत गाठलं असतं तर चाललं असतं. साडूने त्याचा पाणउतारा केला असता तर त्याला रात्री छान झोप लागली असती. पण साडूने उपकार केला होता, तोही न सांगता, आणि ते त्याला गिळवेना. उद्या तो पास होणार होता ते साडूने होऊ दिलं म्हणून. मग पुढची वीस वर्षं समोरच्या खुर्चीवरून तो काही बोलणार नाही, नुसता मीठ मागेल, आणि त्या मागण्यात सगळं असेल.

"तुझी भीक तुला लखलाभ," कवळीवाला रेडिओला म्हणाला. त्याने आडवं शून्य केलं. उभं शून्य केलं. हात थरथरत होता म्हणून बटण दोनदा चुकीचं दाबलं गेलं. मग त्याने आवाज होता तिथे आणून ठेवला, रेडिओ बंद केला, कागद जसा होता तसा यादीखाली सरकवला आणि बाहेर येऊन वर्तमानपत्र उलटं धरलं.

रविवारी सकाळी मैदानावर अर्धा क्लब आला होता. कोणी परीक्षा बघायला आलं असं म्हटलं नाही, सगळे सहज आले होते. सचिव बाईंनी गाडी या वेळी रस्त्यापलीकडे लावली होती. कवळीवाल्याची बायको घडीच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसली. ती मैदानावर कधी येत नसे. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

साडूने विमान जमिनीवर ठेवून पंखांचे पट्टे वर-खाली हलवून बघितले, यादीवर पंचविसावी खूण केली आणि येऊन त्याच्या उजव्या हाताला उभा राहिला. दोघांच्या गळ्यात दोन रेडिओ.

"उड्डाण. मग दोन चकरा, एक डावीकडून, एक उजवीकडून. मग दोनदा खाली येऊन परत वर. मग उतरणं," साडू म्हणाला. "मी कळ सोडली तर लगेच अंगठे उचलायचे. वाद नको."

"वाद तुमच्याशी? माझी काय बिशाद."

"ट्रेनर चालू," साडूचा रेडिओ साडूच्याच आवाजात म्हणाला.

विमान धावपट्टीवरून सुटलं आणि चाकं जमिनीवरून उठताक्षणी सगळ्यांना दिसलं. लपवायला काही जागाच नव्हती. निळ्या आभाळात दोन मीटरचा पिवळा पंख हिवताप आल्यासारखा थडथडत होता. नाक वर, नाक खाली, नाक वर. कवळीवाल्याने मनगट रेडिओच्या कडेवर दाबून धरलं. त्याने आणखी वाईट झालं. काल दुपारी जी गुर्मी होती ती कुठल्या कुठे पळाली आणि तिच्या जागी नुसती भीती उरली. मागे कुजबुज चालली होती, ती थांबली. ती थांबलेली त्याला जास्त ऐकू आली.

साडूने आधी विमानाकडे बघितलं, मग आपल्या पडद्याकडे. डाव्या अंगठ्याने त्याने एक पान उलटलं. मग तो हळू आवाजात, ओठ न हलवता बोलला.

"शून्य आहे इथे."

"असेल."

"मी पंचावन्न घातला होता."

"माहीत आहे."

"माझ्या रेडिओला हात लावलात तुम्ही? माझ्या घरात?"

"माझ्या रेडिओला तुम्ही लावला नाहीत, माझ्या बायकोला लावायला सांगितलात. विमान बघा."

"मी सांगितलं नाही. ताई स्वतः घेऊन आल्या तो कागद. तुमच्यासाठी मी बोटही उचललं नसतं, गैरसमज नको. त्या दारात रडत होत्या म्हणून घातला."

हे कवळीवाल्याला नवीन होतं. ती रडल्याचं त्याने शेवटचं कधी बघितलं ते त्याला आठवेना. विमान उजवीकडे झुकलं, त्याने ओढून सरळ केलं, ते गरजेपेक्षा जास्त सरळ झालं आणि डावीकडे पडू लागलं. पहिली चक्कर कशीबशी पूर्ण झाली.

"घालतो परत," साडू म्हणाला. "हवेत घालता येतो. दोन बटणं."

"खबरदार."

"आडमुठेपणाला काही हद्द?"

"अहो, काय चाललंय?" सचिव बाई मागून पुढे आल्या. त्यांची नजर विमानावर होती आणि एक हात आपोआप कपाळावर गेला होता, गाडी त्या दिशेला नसतानाही. "विमानात बिघाड आहे का? खाली घ्या ना मग."

कवळीवाला तोंड उघडणार तेवढ्यात साडू बोलला. मोठ्याने, मैदानभर ऐकू जाईल असा.

"विमान ठीक आहे, बाई. चूक माझी आहे. रेडिओत एक आकडा घालायचा राहिला. परीक्षा पुन्हा घेऊ."

या माणसाच्या तोंडून चूक हा शब्द लोकांनी हजारदा ऐकला होता, पण माझी हा शब्द त्याच्या शेजारी कधी ऐकला नव्हता. खुर्चीवरच्या विणकामाच्या सुया थांबल्या. कवळीवाल्याला डाव्या कानापासून मानेपर्यंत गरम झालं. पुन्हा परीक्षा. पुन्हा पंचावन्न. पुन्हा पास. आणि या खेपेला उपकार नुसता कागदाखाली दडलेला नाही, चारचौघांत उभं राहून केलेला. साडूने आपलं नाक कापून त्याच्या हातात ठेवलं होतं. ते परत कसं करायचं याचा एकच मार्ग त्याला सुचला.

"खोटं बोलतोय तो," कवळीवाला म्हणाला.

बाईंनी वळून बघितलं.

"आकडा त्याने घातला होता. मी काढला. माझा हात थरथरतो. दोन वर्षं झाली." त्याची नजर विमानावरच होती, त्यामुळे बोलणं जरा सोपं जात होतं. "तुमच्या गाडीवर पडलं त्या दिवशीही सिग्नल गेला नव्हता. हात गेला होता. कार्ड घरी आहे, दातांच्या खोक्यात. आणून देतो. तुम्ही चार पावलांवर उभ्या होतात. ते मला रोज आठवतं."

मागे खुर्ची करकरली. बायको उठली होती, हे त्याला न बघता कळलं.

"बॅटरी कमी," साडूच्या छातीवरचा साडू म्हणाला. "उतरण्याची तयारी करा."

विमान वाऱ्याला तोंड करून मैदानाच्या टोकाशी आलं होतं. आता ते वळवायचं, कुंपणावरून आणायचं, चाकं टेकवायची. हजार वेळा केलेलं काम. कुंपणाच्या या बाजूला दहा-बारा माणसं उभी होती, त्यात एक विणकाम हातात धरून. पंख थडथडतच होता. कवळीवाला साडूची वाट बघत राहिला. साडू कळ सोडेल, माझ्याकडे म्हणेल, आणि मग त्याला शिव्या घालता येतील. साडूने कळ दाबून धरली होती आणि तो समोर बघत होता. त्याच्या अंगठ्याचं नख दाबून पांढरं पडलं होतं. तो सोडणार नव्हता. मेल्याने ठरवून टाकलं होतं की हे कवळीवाल्यानेच ठरवायचं, दुसऱ्या कोणी नाही.

विमान वळलं. कुंपण जवळ येऊ लागलं.

"तुमच्याकडे," कवळीवाला म्हणाला.

न विचारता. तीस वर्षांत हा शब्द त्याने या माणसाला कुठल्याच बाबतीत दिला नव्हता.

"माझ्याकडे," साडू म्हणाला आणि कळ सोडली.

"ट्रेनर बंद."

अंगठे उचलायचे असतात, पण कवळीवाल्याने उचलले नाहीत. उजवा अंगठा काठीवर तसाच राहिला, काठी त्याच्याबरोबर तशीच थरथरत राहिली, आणि आभाळात पिवळं विमान दोरी ताणल्यासारखं सरळ खाली येऊ लागलं. दोन वर्षं खपून बांधलेलं विमान इतकं स्थिर चालतं हे तो पहिल्यांदाच बाजूला उभा राहून बघत होता. काठी हलत होती आणि काही होत नव्हतं. हे इतकं वाईट वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने सूर्यावर ढकललं.

साडूने विमान टेकवलं. चाकं एकदा आपटली, विमान उसळलं, पुन्हा आपटलं आणि तिरकं होऊन थांबलं.

"हात एवढा स्थिर असून हे," कवळीवाला म्हणाला.

"शेपूट जड बांधलंय तुम्ही."

"पुस्तिकेत उतरवायचं पान नाही वाटतं."

सचिव बाईंनी परवान्याचं कार्ड मागितलं. त्याने ते पाकिटातून काढून दिलं, उजव्या हातानेच, आणि ते हवेत फडफडत असताना बाईंनी घेण्याची घाई केली नाही. त्यांनी ते वाचलं, खिशात ठेवलं. यापुढे एकट्याने नाही. उडवायचं तर ट्रेनरवर, परीक्षक शेजारी असताना, कळ परीक्षकाच्या हातात. आणि क्लबला परीक्षक एकच. हे सगळं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा." मग त्या आपल्या गाडीकडे निघून गेल्या.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिने त्याचा हात धरला नाही, गळ्यातला रेडिओ काढून घेतला आणि पट्टा नीट गुंडाळायला लागली.

"रडायला साडूचंच दार मिळालं?" तो म्हणाला.

"आपल्या घरात तुम्ही असता," ती म्हणाली.

साडू विमान दोन्ही हातांत धरून आला, चाकाचा वाकलेला पाय बोटाने दाखवत, जणू तो कवळीवाल्यानेच वाकवला होता. त्याने विमान टेबलावर ठेवलं, आपला रेडिओ पुढे ओढला आणि पडद्यावर ते पान उघडलं.

"पुढच्या रविवारी साडेआठ," तो म्हणाला. "आठ एकतीसला मी निघून जाईन. आणि पुन्हा माझ्या खोलीत शिरलात तर ताईंकडे बघूनही सोडणार नाही."

"तुमच्या खोलीत आहे काय, भिंतीवर रेघा."

"आकडा सांगा. पंचावन्न?"

कवळीवाला पंखावरची धूळ पुसत होता. फडकं पंखाच्या पिवळ्या आवरणावर आपोआप वर-खाली होत होतं. बायकोने पट्टा गुंडाळायचा थांबवला. साडू त्याच्याकडे न बघता बटणावर बोट ठेवून उभा होता.

"साठ घाला," कवळीवाला म्हणाला.